हात, नाव, थांबा

बुधवार, १५ जानेवारी २०२५, वडगाव मावळ

परवाचे आज लिहितो. काल दोनदा वही उघडली आणि दोनदा मिटली.

सोमवारी सकाळी पुण्याहून निघालेल्या आमच्या विमानाचे उजवे इंजिन, म्हणजे नंबर दोन, उड्डाणानंतर थोड्याच वेळात धडधडून निकामी झाले. विमानात दीडशेच्या वर प्रवासी होते. डाव्या खुर्चीत मी, कॅप्टन. उजव्या खुर्चीत फर्स्ट ऑफिसर अम्मारा. विमान तीच चालवत होती, त्या फेरीला पाळी तिची होती. आम्ही एका इंजिनावर माघारी फिरलो आणि पुण्यातच उतरलो. कोणाला साधे खरचटलेही नाही.

एवढ्यावर वही मिटली तरी यातले एक अक्षर खोटे ठरणार नाही.

आता उरलेले. इंजिन बिघडले की काय करायचे याची यादी ठरलेली असते. विमान चालवणाऱ्याने बिघडलेल्या इंजिनाच्या लिव्हरवर, म्हणजे त्याचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर, हात ठेवायचा, इंजिनाचा नंबर मोठ्याने घ्यायचा आणि थांबायचे. शेजारच्याने डोळ्यांनी बघून 'कन्फर्म्ड' म्हटले की मगच लिव्हर मागे ओढायचा. कारण घाबरलेल्या माणसाचा हात चांगल्या इंजिनावर जातो. जगात असे झाले आहे आणि माणसे गेली आहेत. गेली कित्येक वर्षे मी सिम्युलेटरमध्ये नव्या वैमानिकांना हेच शिकवतो. हात, नाव, थांबा. मुले माझ्या मागे मला 'थांबा सर' म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि आवडतेही.

सोमवारी धोक्याची घंटा वाजली, विमान उजवीकडे ओढले गेले, आणि नंबर एकचा, म्हणजे धड असलेल्या इंजिनाचा लिव्हर मागे गेला. कोणी नंबर घेतला नाही. कोणी थांबले नाही. काही क्षण विमानाला कसलाच जोर नव्हता. मग लिव्हर पुन्हा पुढे गेला. मग मी म्हणालो, "आय हॅव कंट्रोल," आणि विमान माझ्याकडे घेतले. तिथून पुढे सगळे यादीबरहुकूम झाले.

लेखी निवेदनात हेच दिले आहे. कोणाच्या हाताने, ते लिहिले नाही. तसा रकाना नव्हता.

चौकशी होईपर्यंत दोघांनाही घरी बसवले आहे. तो नियमच आहे.

उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला चार बारीक खुणा उमटल्या आहेत. बॅग काढताना लागले असावे.

शुक्रवार, १७ जानेवारी

पेपरात फोटो आला. जुना आहे, केस जास्त आहेत.

दुपारी कान्ह्याहून चुलतभाऊ संदेश आला. ग्रामपंचायतीत आहे, दोन जेसीबी आहेत, आवाज त्यांच्यापेक्षा मोठा.

"दादा, सव्वीस तारखेला शाळंत झेंडावंदन झालं की लगेच तुमचा सत्कार. फ्लेक्स टाकलाय छापायला."

"अरे, चौकशी चालू आहे अजून."

"चौकशी कसली, बक्षीस द्यायचं सोडून! तुमी विमान खाली आणलं का न्हाई?"

"आणलं."

"मंग झालं की."

"एकट्याने नाही आणलं. अम्मारा होती शेजारी."

"ती लोणावळ्याची व्हय? बॅगवाल्या वाहिदभाईची?" संदेशने आवाज खाली आणला, म्हणजे इतरांच्या नेहमीच्या आवाजाइतका. "घाबरली म्हणं ती. भलतंच कायतरी वढलं, आन् तुमी हातातनं काढून घेतलं. सगळ्या ग्रुपवर फिरतंय."

"तसं काही झालेलं नाही."

"तुमी असंच म्हणणार. मन मोठं हाय तुमचं."

त्याने मोबाईलवर फ्लेक्स दाखवला. माझ्या चेहऱ्यामागे चार इंजिनांचे विमान. म्हटले, आमच्याला दोनच असतात. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या दादा, भरल्यासारखं दिसतंय."

मी एकदा नाही म्हणालो. दुसऱ्यांदा का म्हणालो नाही, याचा विचार करतो आहे. ही अफवा कोणी उठवली तेही कळत नाही. सोमवारी उतरल्यावर क्रू रूममध्ये एकाने विचारले होते तेव्हा मी फक्त "सांभाळून घेतलं" एवढेच म्हणालो होतो.

रविवार, १९ जानेवारी

आई अंगणात खुर्ची टाकून उन्हाला बसली होती. माझा हात धरून उठू लागली आणि तिचा अंगठा मनगटावर थांबला.

"ह्ये काय रं?"

"बॅगेचं लागलं."

"बॅगंला नखं असत्यात व्हय?" तिने हात उलटा करून उन्हात धरला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून तिला नको तितके दिसते. "कुणीतरी धरलंय तुला. गच्च. तू ल्हान हुतास तवा भात काढताना इळ्याकडं धावलास, तवा मीबी असंच धरलं हुतं. लय रडलास. आये मारती म्हणून गावभर सांगत फिरलास."

मी हसलो. खोबरेल लावून घेतले.

नंतर बराच वेळ विचार केला, आणि जे सुचले ते प्रामाणिकपणे लिहितो. धक्क्याच्या क्षणी माणसाला जे आठवते ते खरेच असेल असे नाही. हा माझा विचार नाही, हे शास्त्र आहे, मी स्वतः शिकवतो. मला आठवते की माझा उजवा हात लिव्हरवर होता. पण तो आधी होता की नंतर? मी ओढला, की ओढला जात असताना धरला? तिच्या बोटांची पकड आठवते. पण पकड कशासाठी होती हे मी कसे सांगू? जे शंभर टक्के माहीत नाही ते निवेदनात लिहिणे हाही अप्रामाणिकपणाच. अन्याय कोणावरच होऊ नये. त्यात मीही आलो.

हे वर लिहिलेले पुन्हा वाचले. मुद्देसूद आहे. तरी वाचताना कान तापले.

बुधवार, २२ जानेवारी

कंपनीच्या सुरक्षा विभागातून बाईंचा फोन. आवाज आदबशीर.

म्हणाल्या, "सर, डेटामध्ये नंबर एकचा लिव्हर मागे गेलेला स्पष्ट दिसतोय. पण हात कोणाचा ते डेटा सांगत नाही. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्येही घंटेशिवाय काही नाही, आणि मग एकदम तुमचं 'आय हॅव कंट्रोल'. कोणी काही बोललंच नाही मध्ये."

नाव घेतले असते तर आवाज राहिला असता. म्हणूनच तर घ्यायचे असते.

"विमान तिच्याकडे होतं, म्हणजे हात तिचाच, असं कमिटीचं मत होतंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही वेळेवर ताबा घेतलात. एकतीसला कमिटीपुढे तुमच्याकडून फक्त दुजोरा हवाय."

मी विचारले, तिचे काय होईल. म्हटले, ती अजून पक्की झालेली नाही, प्रोबेशनवर आहे. "मग प्रश्नच नाही ना सर, ठेवणार नाहीत तिला," बाई म्हणाल्या.

"ती काय म्हणते?"

"काहीच नाही. तिला दोनदा विचारलं. म्हणते, कॅप्टन सांगतील."

म्हणजे तिलाही खात्री नसावी.

शुक्रवार, २४ जानेवारी

तिच्याशी बोलावे म्हणून लोणावळ्याला गेलो. बाजारात गाडी लावायला जागा मिळाली, त्यामुळे ती सबब गेली. वाहिदभाईंचे बॅगदुरुस्तीचे दुकान लांबून दिसले. बाहेर दोरीला प्रवासी बॅगा टांगलेल्या, आत मशीनवर वाकलेला माणूस. बसून राहिलो. मग गाडी भुशी धरणाकडे वळवली. पावसाळ्यात जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे दोन कुत्री उन्हात झोपली होती. धरणाच्या पायऱ्या कोरड्या. कणीसवाल्या मावशी म्हणाल्या, "एकलंच आलं व्हय साहेब?" कणीस घेतले, अर्धे टाकले, परत आलो.

फोन करता आला असता. नंबर माझ्याकडे आहे.

रविवार, २६ जानेवारी

आजचे लिहायचे टाळू नये म्हणून जेवणाआधी बसलो आहे.

झेंडावंदन झाले. मुलांनी संविधानाची उद्देशिका म्हटली, एका मुलीला 'सार्वभौम' म्हणताना धाप लागली. मग शाल, नारळ, स्मृतिचिन्ह. मी ठरवून गेलो होतो की बोलायचे. माईक हातात घेतला आणि म्हणालो, "हे एकट्याचं काम नव्हतं. माझ्या सहकारी अम्मारा यांच्याशिवाय हे विमान उतरलं नसतं." यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि किती खरा ते मलाच माहीत आहे. लोकांना तो विनय वाटला. टाळ्या वाढल्या. पुढचे वाक्य मी टाळ्या थांबल्यावर बोलणार होतो. टाळ्या थांबल्या आणि मी "जय भीम, जय हिंद" म्हणून खाली बसलो.

मंडपाबाहेर एक गृहस्थ थांबले होते. पांढरा शर्ट, नुकतीच इस्त्री केलेला. लोकलने कान्ह्याला उतरून चालत आले होते.

"साहेब, मी वाहिद. अम्माराचा बाप."

मी नमस्कार केला. त्यांनी माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला.

"आत्ता तुम्ही तिचं नाव घेतलंत ना, चारचौघांत, मी विसरणार नाही. लोक काय काय बोलतात. पोरगी घरात गप्प. अर्धी पोळी खाते, उठते. मी म्हटलं, बाई, चूक झाली असेल तर कबूल कर, साहेब मोठे आहेत. तर एवढंच म्हणते, 'अब्बा, थांबा.' किती थांबायचं, साहेब?"

मी डाव्या हाताने शाल सावरली.

"तुम्ही एवढी माणसं वाचवली. त्यात माझी पोरगी पण होती. तिच्याकडून काय झालं असेल ते पोटात घाला. तुमचा शब्द चालतो तिथं. एकदा टाका शब्द."

त्यांचा अंगठा माझ्या मनगटावर होता, नेमका तिच्या नखांवर. सुई धरून निबर झालेला अंगठा.

मी म्हणालो, "बघतो."

"बास. बास झालं." त्यांचे डोळे भरले. "लोणावळ्यात आलात तर दुकानात या चहाला. बॅग कधी उसवली तर पाठवून द्या, तुमच्याकडून पैसे घ्यायचा नाही मी."

ते फाटकापर्यंत गेले आणि वळून पुन्हा नमस्कार केला. मीही केला.

बघतो, म्हणालो. हात माझा होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. धक्का, स्मृती, शास्त्र, सगळे मी स्वतःला शिकवत होतो. विमान तिच्याकडे असताना मी तिच्या हातावरून हात नेऊन चुकीचा लिव्हर ओढला. तिने माझे मनगट धरून तो माझ्याच हाताने पुन्हा पुढे ढकलला. मग मी, जणू काही तीच चुकली होती, अशा आवाजात ताबा घेतला. तो आवाज तेवढा रेकॉर्ड झाला.

आणि ती थांबली आहे. मी शिकवले तशी. कॅप्टन सांगतील, म्हणते. अब्बा, थांबा, म्हणते. शेजारच्याने बघून सांगेपर्यंत काही ओढायचे नाही.

सोमवार, २७ जानेवारी

बायको, यशोधरा, तळेगावच्या कॉलेजातून आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो. चहा केला होता. म्हटले, "तुला एक सांगायचंय. त्या दिवशी विमानात..."

तिने पर्स खाली ठेवली नाही. "थांबा. आधी मला सांगा, हे तुम्ही मला का सांगताय?"

"म्हणजे?"

"मी नव्हते त्या विमानात. मला सांगून तुम्हाला हलकं वाटेल, मग एकतीसला तुम्ही तिथं गप्प बसाल. पंधरा दिवस बघतेय मी. तुम्ही रोज थोडं थोडं वहीत सांगता आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून हिंडता."

"तू वही वाचलीस?"

"वही कशाला वाचायला हवी? तोंड वाचता येतं. ज्यांना सांगायचंय त्यांना सांगा. मग मला सांगा, मी रात्रभर ऐकेन."

तिने चहा घेतला. साखर जास्त झाली म्हणाली.

मंगळवार, २८ जानेवारी

अम्माराला फोन लावला. उचलला नाही. मला बरे वाटले, ते लिहून ठेवतो.

गुरुवार, ३० जानेवारी

आज मनगटावर काही दिसत नाही. खिडकीशी जाऊन पाहिले, बॅटरी लावून पाहिले. कातडी साफ आहे. उद्या कोणी हात बघायला मागितला तरी काही सापडणार नाही. असे मनात आले आणि छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले. आजवर स्वतःबद्दल जे काही कळले त्यात याच्याइतके ओंगळ काही नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

टेबलापलीकडे तिघे. सुरक्षा विभागाच्या बाई मधोमध. अम्मारा माझ्या उजवीकडे, मध्ये एक खुर्ची सोडून. तिला मी त्या दिवसानंतर पहिल्यांदा पाहत होतो. बारीक झाली आहे. माझ्याकडे पाहिले नाही. "गुड मॉर्निंग सर" म्हणाली, भिंतीला म्हणावे तसे.

बाईंनी डेटा वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "कॅप्टन, तुम्ही ताबा घेतलात त्याआधी नंबर एकचा लिव्हर फर्स्ट ऑफिसरने मागे घेतला. बरोबर?"

मी म्हणालो, "नाही. मी ओढला."

पंखा फिरत होता. कमिटीतले वयस्कर गृहस्थ, जुने वैमानिक, समजूत घातल्यासारखे हसले. "असं आहे, अशा वेळी माणसाला नंतर अपराधी वाटतं. आठवणी सरमिसळ होतात. तुम्हीच शिकवता की हे. खात्री आहे तुम्हाला?"

माझेच शब्द होते. वहीतले एकोणीस तारखेचे. तोंडावर आले तेव्हा कळले की ऐकायला किती गोड लागतात. वाट मोकळी होती. एक "कदाचित" पुरला असता.

मी उजवा हात टेबलावर ठेवला, लिव्हरवर ठेवतात तसा. म्हणालो, "नंबर एक. हात माझा." आणि थांबलो.

अम्माराने मान वळवली. आधी माझ्या हाताकडे पाहिले, मग माझ्याकडे. घाई केली नाही. सिम्युलेटरमध्ये मी तिला त्यासाठीच शाबासकी दिली होती, बघितल्याशिवाय बोलत नाही म्हणून.

"कन्फर्म्ड," ती म्हणाली.

पुढचे थोडक्यात. माझे प्रशिक्षकपद गेले. विमान पुन्हा चालवता येईल की नाही ते नंतर कळेल. त्यांनी विचारले, इतके दिवस का सांगितले नाही. मी म्हणालो, लाज वाटत होती. जुने वैमानिक लिहून घेत होते, ते थांबले. लिहिले की नाही, दिसले नाही.

जिन्यात अम्मारा पुढे होती. मी हाक मारली. सॉरी म्हणालो. मुद्दाम तयार केलेली चार वाक्ये होती, त्यांतले एकही आठवले नाही.

"सर, लिव्हरचं काही नाही," ती म्हणाली. "तो कोणाच्याही हातून गेला असता. मी पण घाबरले होते. पण तुम्ही कंट्रोल घेतल्यावर माझ्याकडे एकदा बघाल असं वाटलं होतं. उतरेपर्यंत तरी." मग घड्याळाकडे पाहून म्हणाली, "लोकल आहे माझी."

मला वाटत होते, मी सगळी चूक मोजली आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

लोणावळ्याला गेलो. यशोधरा गाडीपर्यंत आली होती, बरोबर येत नाही म्हणाली. सोबत फ्लाइटची बॅग घेतली. दुरुस्तीच्या निमित्ताने विषय काढता येईल असे वाटले.

वाहिदभाईंनी खुर्ची पुसून दिली. मी उभ्यानेच सांगितले, सगळे. त्यांना माहीत होते. शुक्रवारी लेकीने सांगितले होते. तिला कामावर बोलावणेही आले आहे.

त्यांनी बॅग ओढून घेतली. चेन उघडून मिटली. हँडल ताणून पाहिले. तळाची शिवण बोटांनी तपासली, चारही कडा अंगठ्याने चाचपल्या.

"हिला काय झालंय?"

"काही नाही."

"मग आणली कशाला?"



त्यांनी बॅग काउंटरवर माझ्या बाजूला सरकवली. रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरे झाले असते. "साहेब, विमानातलं मला कळत नाही. तिथं चूक होते, मशीनवर माझी पण सुई बोटात जाते. पण सव्वीस तारखेला तुमचा हात माझ्या हातात होता. तेव्हा का नाही बोललात?"

मी खरे तेच सांगितले. "तुम्ही आभार मानत होतात."

 त्यांनी मान हलवून मशीनखाली पाय घेतले आणि एका शाळकरी दप्तराचा पट्टा शिवायला लागले.

मी बॅग उचलली. तरी थोडा वेळ तिथेच घुटमळलो. समोरच्या टपरीवरचा माणूस हातात किटली घेऊन शेजारच्या दुकानात गेला, मग त्याच्या पलीकडच्या. त्या दिवशी वाहिदभाई चहाला या म्हणाले होते. पट्टा शिवून झाला, त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि दुसरे दप्तर घेतले. तेव्हा मला कळले की चहा येणार नाही.